शेपूट कुणाला लावायचं?

वाचकाचं पत्र, थोडक्यात :

«बाई, नमस्कार. मी भोसरीला एका मशीन शॉपमध्ये क्वालिटीला आहे. वय ३६. शाळा मराठी माध्यमाची, नंतर आयटीआय. बरीच वर्षं ऑपरेटर होतो. दोन वर्षांपूर्वी इन्स्पेक्टर केलं, तेव्हापासून कस्टमरला इंग्रजीत मेल लिहावे लागतात. मागच्या महिन्यात मी असा मेल लिहिला : ‘सेकंड लॉट इज मोअर बेटर दॅन फर्स्ट लॉट. सरफेस फिनिश इज स्मूथ दॅन बिफोर. रिजेक्शन इज लेस दॅन फर्स्ट लॉट. धिस इज वन ऑफ द बेस्ट लॉट.’ एका साहेबांनी तो मीटिंगमध्ये स्क्रीनवर लावून वाचला. सगळे हसले. दहावीला ‘चेंज द डिग्री’चे माझे पूर्ण मार्क होते. नियम अजून पाठ आहेत, तरी लिहिताना चुकतं. असं का होतं? अर कधी लावायचं आणि मोअर कधी, हे एकदा नीट सांगाल का? मुलगी चौथीत आहे, सेमीला. तिने परवा विचारलं, ‘बाबा, गुडचं गुडर का होत नाही?’ मला उत्तर देता आलं नाही. कृपया नाव छापू नका.»

नमस्कार.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि त्यातला मेल चारदा. दुसरा लॉट पहिल्यापेक्षा चांगला आला, फिनिश सुधारलं, रिजेक्शन कमी झालं, हे तिन्ही निरोप त्यातून पोचतात. तो सगळ्यांसमोर वाचून दाखवायला नको होता. ज्याला खरंच चूक दाखवायची असते, तो माणसाला बाजूला घेऊन सांगतो. तुम्हाला ते लागलं, हे मला कळतं. पण त्यामुळे इंग्रजीत लिहिणं सोडू नका, आणि मेल दुसऱ्याकडून लिहून घ्यायची सवयही लावून घेऊ नका.

आता ‘असं का होतं’ याचं उत्तर. नियम पाठ असून चुकतं, कारण शाळेत तुम्हाला इंग्रजी वाक्याचं दुसरं इंग्रजी वाक्य करायला शिकवलं. ‘आयर्न इज द मोस्ट यूसफुल मेटल’चं ‘नो अदर मेटल इज ॲज यूसफुल ॲज आयर्न’ करायचं. शब्द समोर छापलेले असायचे, ते फक्त इकडचे तिकडे करायचे. मेल लिहिताना समोर इंग्रजी वाक्य नसतं. समोर लॉट असतो आणि मनात मराठी वाक्य असतं. मराठीतून इंग्रजीत जायची वाट त्या धड्यात कुणी दाखवलीच नाही. पूर्ण मार्क मिळवूनही तुम्ही त्या वाटेवर कधी चालला नव्हता.

तुमच्या वयाच्या मुलांना इंग्रजी पाचवीत भेटलं. पहिलीपासून इंग्रजी महाराष्ट्रात २००० साली आलं, तोवर तुम्ही पुढे गेला होता. मलाही पाचवीतच भेटलं, जिल्हा परिषदेच्या शाळेत. पाचवीपर्यंत मराठीची चाल अंगात पक्की भिनलेली असते. ती जात नाही, जायलाही नको. फक्त ती कशी चालते हे एकदा डोळ्यांनी बघावं लागतं.

मला ते आठवीतल्या एका मुलीमुळे दिसलं. टेबलावर खडूचे तीन तुकडे ठेवून मी मुलांना बोलायला लावत असे. ती उठली आणि म्हणाली, ‘धिस इज लाँग दॅन दॅट.’ मी म्हटलं, हेच मराठीत सांग. ‘हा त्याच्यापेक्षा लांब आहे.’ मी विचारलं, यात ‘लांब’ शब्द बदलला का? तिने मनातल्या मनात वाक्य पुन्हा म्हटलं, दोन्ही खडूंवर बोट ठेवलं आणि सांगितलं, ‘नाही बाई. लांब तसाच राहिला. त्याला शेपूट लागलं.’ ‘त्याला’ म्हणजे दुसऱ्या खडूला. त्याच्या-पेक्षा.

पुढची सगळी वर्षं मी हा धडा तिच्याच शब्दांत शिकवला. मराठीत शेपूट दुसऱ्या वस्तूला लागतं. इंग्रजीत ते गुणाला लागतं. लाँगचं लाँगर होतं, आणि दुसरी वस्तू तशीच राहून तिच्याआधी फक्त ‘दॅन’ येतं.

तुमच्या कामाच्या भाषेत हे आणखी सरळ सांगता येईल. ड्रॉइंगवर डेटम असतो, सगळी मापं तिथून घ्यायची. मराठी माणूस तुलना करताना डेटमवर खूण करतो : पहिल्या लॉटपेक्षा, त्याहून, माझ्याहून. ‘पुण्याहून आलो’ आणि ‘त्याहून उंच’ यांतला ‘हून’ एकच आहे. त्याच्यापासून मोजायला सुरुवात केली, तर हा वर निघतो. खूण डेटमवर झाली की मराठीला पुरे, विशेषणाला हात लावायची गरज नाही. म्हणून ‘उंच’ तीनही पायऱ्यांवर उंचच राहतो : उंच, त्याहून उंच, सगळ्यांत उंच. इंग्रजीला मात्र निघालेल्या मापावर खूण लागते. हाय, हायर, हायेस्ट.

आता तुमचं दुसरं वाक्य बघा. ‘सरफेस फिनिश इज स्मूथ दॅन बिफोर.’ हे ‘फिनिश आधीपेक्षा गुळगुळीत आहे’ याचं शब्दाला शब्द इंग्रजी आहे. ‘पेक्षा’ला ‘दॅन’ दिलं, ‘गुळगुळीत’ला ‘स्मूथ’ दिलं, आणि मराठी मनाला हिशेब पूर्ण वाटला. इंग्रजीची खूण राहून गेली. हवं होतं ‘स्मूदर दॅन बिफोर’.

पहिल्या वाक्यात उलटं झालं. ‘मोअर बेटर’मध्ये खूण दोनदा पडली. मराठीत आपण ‘पेक्षा’ लावूनही वर ‘जास्त’ म्हणतो : ‘हा त्याच्यापेक्षा जास्त चांगला.’ आपल्याकडे ते चालतं, कारण ‘जास्त’ असला काय आणि नसला काय, तुलना ‘पेक्षा’नेच झालेली असते. तो ‘जास्त’ तुमच्या मेलमध्ये ‘मोअर’ होऊन आला. पण बेटरच्या पोटात मोअर आधीच आहे. गुडला मोअर मिळालं की त्याचं बेटर होतं. चारशे वर्षांपूर्वी इंग्रज लोकही अशी दुहेरी खूण करायचे आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. पुढे भाषेने ती सोडून दिली, आज ती चूक धरतात. तेव्हा सेंड दाबण्याआधी विशेषणावर बोट ठेवून एवढंच बघा, की खूण एकदा झाली आहे ना. एकदाही नाही, तर स्मूथ दॅन. दोनदा, तर मोअर बेटर.

खूण अरची करायची की मोअरची, हे कानाने ठरतं. शब्द मोठ्याने म्हणा, त्याच्या प्रत्येक तुकड्याला एक टाळी द्या आणि टाळ्या मोजा. स्मूथ, एक टाळी. टाइट, लूज, थिक, थिन, डीप, हार्ड, रफ, सगळे एक टाळीचे. त्यांना अर आणि एस्ट : टाइटर, लूजर, थिकर, डीपर, हार्डर, रफर. ॲक्युरेट म्हणा : ॲक्-यु-रेट, तीन टाळ्या. यूनिफॉर्मच्याही तीनच. तीन किंवा जास्त टाळ्यांच्या शब्दाला शेपूट जड होतं, म्हणून खूण पुढे येते : मोअर ॲक्युरेट, मोस्ट यूनिफॉर्म. इथे मोअरच हवं, ‘ॲक्युरेटर’ नाही.

खरी कुचंबणा दोन टाळ्यांच्या शब्दांत. शेवटी ‘वाय’ असेल तर अर : शायनीचं शायनिअर, हेवीचं हेविअर, ईझीचं ईझिअर. नॅरो, सिंपल, क्लेव्हर यांनाही अर सहज लागतं : नॅरोअर, सिंपलर, क्लेव्हरर. बाकीच्यांना बहुतेक मोअर : मोअर केअरफुल, मोअर यूसफुल, मोअर मॉडर्न. क्वायट, कॉमन असे काही शब्द दोन्हीकडे चालतात, तिथे अडून बसू नका. आणि एक टाळीचे असूनही टायर्ड, बोअर्ड यांच्यासारखे शब्द मोअर घेतात, कारण ते क्रियापदातून आलेले आहेत : मोअर टायर्ड.

स्पेलिंगचंही इथेच सांगते, कारण मेलमध्ये ते दिसतं. थिनचं थिनर करताना ‘एन’ दोनदा, बिगचं बिगर करताना ‘जी’ दोनदा. आखूड स्वर आणि शेवटी एकच व्यंजन असलं की ते व्यंजन जोडीने येतं. डीपमध्ये ‘ई’ दोन आहेत, म्हणून ‘पी’ एकच. लूजला शेवटी ‘ई’ आहेच, नुसता ‘आर’ जोडा. हेवीतला ‘वाय’ जाऊन ‘आय’ येतो. एवढ्यात तुमचा बहुतेक रिपोर्ट बसतो.

थिनरवरून एक गोष्ट आठवली. रंगाच्या दुकानातला थिनर आणि ‘धिस शीट इज थिनर दॅन दॅट’मधला थिनर हे वेगळे. दुकानातल्या थिनरचं अर म्हणजे ‘करणारा’, पातळ करणारा. कूलर, हीटर, ग्राइंडर, मिक्सर सगळे त्याच घरातले. मुलं हे दोन अर एकमेकांत मिसळतात आणि घाबरतात. पुढे ‘दॅन’ येतं का ते बघा. दॅन आलं तर तुलना, नाहीतर बहुधा ‘करणारा’. आणि हा दॅन ‘ए’ने लिहायचा. ‘ई’ने लिहिलेला देन म्हणजे ‘मग’. मुळात ते दोन्ही एकाच शब्दातून आले आहेत, आज मात्र वेगळे धरतात.

तुमच्या तिसऱ्या वाक्याला मीटिंगमध्ये बहुतेक कुणी हसलं नसेल. माझ्या मते तुमच्या मेलमधली सगळ्यांत महत्त्वाची चूक तीच आहे. ‘रिजेक्शन इज लेस दॅन फर्स्ट लॉट.’ इथे खूण बरोबर झाली, लेस हे लिटलचंच पुढचं रूप. पण तुलना कुणाची कुणाशी झाली ते बघा. एका बाजूला रिजेक्शन, दुसऱ्या बाजूला लॉट. पन्नास पीस रिजेक्ट झाले आणि लॉट पाचशेचा होता, तर शब्दशः वाचणारा म्हणेल, पन्नास हे पाचशेपेक्षा कमी, मग यात काय सांगितलं?

ही चूक आपल्याकडून होते, कारण मराठी इथे फार मोकळी आहे. ‘माझ्यापेक्षा त्याचा पगार जास्त’ असं आपण रोज म्हणतो. माझी पगाराशी तुलना करतोय असं कुणाला वाटत नाही. ‘माझ्या पगारापेक्षा’ असं पूर्ण बोलायची गरज पडत नाही, ऐकणारा मनात भरून घेतो. ‘मुंबईची लोकसंख्या पुण्यापेक्षा जास्त’ हेही तसंच. लिहिलेल्या इंग्रजीला, विशेषतः आकडे आणि करार असलेल्या इंग्रजीला, एवढी मोकळीक चालत नाही. तिथे पगार पगारासमोर आणि रिजेक्शन रिजेक्शनसमोर उभं करावं लागतं. एकाच गेजने मोजायच्या वस्तू शेजारी ठेवाव्यात तसं.

त्याला तीन सोपे मार्ग आहेत. पहिला, छोटा शब्द भरायचा : ‘रिजेक्शन इन द सेकंड लॉट इज लोअर दॅन इन द फर्स्ट.’ त्या एका ‘इन’ने काम झालं. दुसरा, ‘दॅट ऑफ’ : ‘द हार्डनेस ऑफ धिस पीस इज हायर दॅन दॅट ऑफ द सॅम्पल.’ तिसरा, माणसांच्या बाबतीत माइन, हिज, युअर्स : ‘हिज सॅलरी इज हायर दॅन माइन.’ दर आणि कोटेशन लिहिताना हे फार जपा. ‘अवर रेट इज लोअर दॅन युअर अदर सप्लायर’ यात तुमचा दर एका माणसाहून कमी ठरतो. सप्लायरच्या पुढे अपॉस्ट्रॉफी आणि ‘एस’ लावला की दर दरासमोर आला.

टक्के आणि दर यांच्यासाठी मी वर लेसऐवजी लोअर घेतलं. लेसही चुकीचं नाही, पण आकडा वरखाली होतो तिथे हायर आणि लोअर जास्त शोभतात. आणि पीस मोजता येतात, म्हणून ‘फ्यूअर रिजेक्टेड पीसेस’. कूलंट एक-दोन-तीन असं मोजता येत नाही, म्हणून ‘लेस कूलंट’.

चौथं वाक्य, ‘वन ऑफ द बेस्ट लॉट’. इथे मराठी मदतीला येते. ‘सगळ्यांत चांगल्या लॉटपैकी एक’ म्हणताना ‘पैकी’मध्ये अनेक लॉट गृहीत आहेतच, म्हणून इंग्रजीतही लॉट्स. वन ऑफ द बेस्ट लॉट्स. पण मला एक विचारायचं आहे. तुम्ही आजवर लॉट किती पाठवलेत? दोनच असतील तर बेस्ट म्हणू नका. दोहोंत निवड असली की इंग्रजी कंपॅरेटिव्हवरच, म्हणजे तुलनेच्या रूपावरच, थांबतं : ‘द बेटर ऑफ द टू लॉट्स.’ दहा-बारा लॉट गेले असतील तर वन ऑफ द बेस्ट खुशाल लिहा. ‘द’ मात्र विसरू नका. मराठीत त्याच्यासारखं काहीच नाही, म्हणून तो हातून सुटतो. सगळ्यांत वरचा म्हटलं की तो ठरलेला एक असतो, आणि ठरलेल्याला ‘द’ लागतो. ‘माय बेस्ट वर्क’सारखं आधी माय, अवर आलं तरच तो जातो.

तुमच्या मेलमध्ये नसलेल्या, पण उद्या होऊ शकतील अशा काही चुका. ‘व्हेरी बेटर’ लिहू नका. ‘खूप चांगला’ आणि ‘खूपच जास्त चांगला’ यांत आपण दोन्हीकडे ‘खूप’ वापरतो. इंग्रजीत साध्या रूपाला व्हेरी आणि तुलनेच्या रूपाला मच : व्हेरी गुड, मच बेटर. थोडासाच फरक असेल तर ‘स्लाइटली’ : ‘स्लाइटली रफर दॅन द सॅम्पल’. हा शब्द क्वालिटीवाल्याने जरूर जवळ ठेवावा, कारण दोन मायक्रॉनचा फरक आणि वीस मायक्रॉनचा फरक एकाच शब्दाने सांगणं कस्टमरवर अन्याय आहे. वर्स आणि वर्स्ट यांत गल्लत करू नका. दॅन आलं की वर्स, ‘द’ आणि सगळे आले की वर्स्ट. ‘वर्स्ट दॅन’ असं मी पदवीधरांच्याही हातचं वाचलं आहे.

‘एनी’ लिहिताना अदरची आठवण ठेवा. कळसूबाई १६४६ मीटर, साल्हेर १५६७ मीटर. ‘कळसूबाई इज हायर दॅन साल्हेर’ सरळ आहे. पण ‘हायर दॅन एनी पीक इन महाराष्ट्र’ म्हटलं, तर महाराष्ट्रातल्या शिखरांत कळसूबाईसुद्धा आली, आणि ती स्वतःहून उंच असू शकत नाही. म्हणून ‘एनी अदर पीक इन महाराष्ट्र’. ‘हायर दॅन एनी पीक इन गोवा’ म्हणताना मात्र अदर नको, कारण कळसूबाई गोव्यात नाही. तुमच्या शॉपमधलं मशीन शॉपमधल्या बाकी मशीनांशी तोलताना अदर घाला.

एल्डर आणि ओल्डर हा प्रश्न मला दर महिन्याला कुणीतरी विचारतं. मराठीने त्याचं उत्तर फार सुंदर दिलेलं आहे. एल्डर म्हणजे थोरला. ‘थोरला भाऊ’ म्हणतो आपण, पण ‘तो माझ्यापेक्षा थोरला आहे’ असं सहसा म्हणत नाही, तिथे ‘मोठा’ म्हणतो. आणि थोरलं मशीन तर कुणी म्हणणार नाही. तसंच माय एल्डर ब्रदर, पण ही इज ओल्डर दॅन मी. थोरला बसतो तिथे एल्डर, बाकी सगळीकडे ओल्डर.

सीनियर, ज्युनियर, सुपीरियर, इन्फीरियर यांच्यापुढे दॅन येत नाही, ‘टू’ येतं : ‘ही इज सीनियर टू मी.’ हे शब्द लॅटिनमधून तुलनेचं रूप घेऊनच आले. सीनियरचा लॅटिन अर्थच ‘अधिक वयाचा’. मेजर आणि मायनरही त्यांचेच भाऊबंद, ‘अधिक मोठा’ आणि ‘अधिक लहान’. आट्याचा मेजर डायमीटर आणि मायनर डायमीटर तुम्ही रोज तपासता, म्हणजे कंपॅरेटिव्ह तुमच्या हातात रोज असतो. एवढंच कशाला, व्हर्नियरचं लीस्ट काउंट घ्या. लिटल, लेस, लीस्ट. सगळ्यांत लहान मोजता येणारं माप. व्हर्नियरचं लीस्ट काउंट ०.०२ मिलिमीटर, मायक्रोमीटरचं ०.०१. आता हेच इंग्रजीत सांगून बघा : ‘द लीस्ट काउंट ऑफ अ मायक्रोमीटर इज स्मॉलर दॅन दॅट ऑफ अ व्हर्नियर.’ सुपरलेटिव्ह म्हणजे सगळ्यांत वरचं रूप, कंपॅरेटिव्ह आणि ‘दॅट ऑफ’, तिन्ही एका वाक्यात, आणि त्यातला प्रत्येक शब्द तुमच्या कामाचा.

आणखी एक सांगितल्याशिवाय मला राहवत नाही, कारण इंग्रजीचं शेपूट परकं वाटतं तितकं ते परकं नाही. संस्कृतात अशी शेपटं होती. लसावितला ‘लघुतम’ आणि मसावितला ‘महत्तम’ आठवा. दुसरं शेपूट ‘इष्ठ’ : ज्येष्ठ, कनिष्ठ, श्रेष्ठ, बलिष्ठ. हा ‘इष्ठ’ आणि इंग्रजीतला ‘एस्ट’ एकाच मुळातून निघालेले आहेत. संस्कृतात ‘स्वादु’ म्हणजे गोड, आणि ‘स्वादिष्ठ’ म्हणजे सगळ्यांत गोड. इंग्रजीत स्वीट आणि स्वीटेस्ट. मूळ शब्द तोच आणि शेपूटही तेच. आपण मराठीत ‘स्वादिष्ट’ लिहितो आणि तो सुपरलेटिव्ह आहे हे विसरून गेलो आहोत. विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्यात संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या एकाच उगमाच्या भाषा असाव्यात असं सांगितलं, तेव्हापासून अभ्यासकांनी अशा जोड्या शेकड्यांनी जुळवल्या. आमटी स्वादिष्ट झाली असं म्हणताना आपण एस्टच लावत असतो.

तुमचा मेल मी असा लिहिला असता. तुमचे शब्द शक्य तेवढे ठेवले आहेत :

‘द सेकंड लॉट इज मच बेटर दॅन द फर्स्ट. द सरफेस फिनिश इज स्मूदर दॅन बिफोर. रिजेक्शन इज लोअर दॅन इन द फर्स्ट लॉट. धिस इज वन ऑफ द बेस्ट लॉट्स वी हॅव सेंट यू.’

वाक्यं चारच आहेत, कारण तुमची चार वाक्यं पुरेशी होती. लांब करू नका. रिजेक्शनचा आकडा मात्र द्या, दोन्ही लॉटचा. पाच टक्क्यांवरून दोनवर आलं असेल तर तसं लिहा. आकडा शेजारी असला की विशेषणावरचा भार हलका होतो.

सरावासाठी व्याकरणाचं पुस्तक उघडू नका. जेवणाच्या सुट्टीत रोज दोन पीस समोर घ्या आणि त्यांच्याबद्दल तीन वाक्यं वहीत लिहा. आधी मराठीत, मग इंग्रजीत. मराठी वाक्यात ‘पेक्षा’खाली रेघ मारा, इंग्रजी वाक्यात विशेषणाच्या शेपटाखाली. दोन रेघा वेगळ्या शब्दांखाली पडताना दिसल्या की हात आपोआप वळतो. महिनाभर करा आणि वहीतलं एखादं पान मला पाठवा, मी तपासून देईन.

आता तुमच्या मुलीचा प्रश्न. फार चांगला प्रश्न आहे, तो तिला विचारावासा वाटला याचा मला आनंद झाला. गुड आणि बेटर हे मुळात वेगवेगळ्या कुळांतले शब्द. बेटर आणि बेस्ट ज्या मुळातून आले, त्याचं साधं रूप इंग्रजीत उरलंच नाही, म्हणून ती जागा गुडने घेतली. बॅड आणि वर्सचंही तसंच, दोन वेगळी मुळं. ज्या शब्दांशिवाय माणसाचं एक दिवसही चालत नाही, त्यांच्यात अशी जुनी जोडाजोड टिकून राहते, कारण मुलं नियम शिकायच्या आधीच ते ऐकून ऐकून उचलतात.

हे तिला असं समजावू नका. संध्याकाळी ती घरी आली की तिला विचारा, ‘काय गं, आज तू शाळेत जाली होतीस का?’ ती लगेच म्हणेल, ‘बाबा, जाली नाही, गेली!’ मग विचारा, जाणेचं जाली का होत नाही? ती लहान असताना ‘मी करलं’ म्हणायची ते तुम्हाला आठवत असेल, तेही सांगा. आणि गुडरकडे वळा.